हळदीच्या जिल्ह्यात टोमॅटो टिकवताना

माल टिकवणे म्हणजे काय, हे हिंगोली जिल्ह्याला हळदीने शिकवले आहे. शिजवून, वाळवून, पॉलिश करून पोत्यात भरलेली हळद वर्षभर गोदामात पडून राहिली तरी तिचे फारसे बिघडत नाही. हर्रासात भाव पटला नाही तर पोती परत नेता येतात, गोदामाच्या पावतीवर कर्ज उचलता येते, आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून थांबणाऱ्याचा हात थोडा आणखी वर आला आहे. अडचण अशी की हीच सवय आपण नकळत भाजीपाल्याला लावतो. येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यावर, इसापूरच्या पाण्यावर किंवा कयाधूकाठच्या विहिरींवर दहा-वीस गुंठे ते एकरभर टोमॅटो लावणारा शेतकरी ‘टोमॅटो टिकवायचा कसा’ असे विचारतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात ‘भाव येईपर्यंत ठेवायचा कसा’ हाच प्रश्न असतो. त्याचे सरळ उत्तर असे, की तेवढा तो ठेवता येत नाही. मात्र झाडावरून तोडल्यावर त्याच्या वाट्याला जे दिवस येतात, त्यातले चार-पाच दिवस आपण पहिल्या अर्ध्या दिवसातच उधळतो. ते वाचवता येतात, आणि वाचवायला वीज लागत नाही. या लेखात त्या अर्ध्या दिवसाचाच विचार मुख्यतः केला आहे, कारण पैसा आणि मेहनत कुठे घालायची हे त्यावरून ठरते.

टोमॅटो तोडल्यावरही जिवंत असतो आणि पिकत राहतो. केळी आणि आंब्याप्रमाणे तो स्वतः इथिलीन वायू सोडतो, त्या वायूने आणखी पिकतो आणि शेजारच्यालाही पिकवतो. श्वसन चालू असते, त्यात साठवलेली साखर जळते, उष्णता बाहेर पडते. या सगळ्याचा वेग तापमानावर ठरतो. ढोबळ मानाने तापमान दहा अंशांनी वाढले की वेग दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणजे ४० अंशांत काढलेला एक तास हा २० अंशांतल्या चार तासांएवढा तरी महाग पडतो. आता हिंगोलीतली मार्च-एप्रिलची दुपार डोळ्यांसमोर आणा. हवा ३८ ते ४० अंश; आणि उघड्या उन्हात पडलेले फळ हवेपेक्षा दहा अंशांनी सहज जास्त तापते. बांधावर तीन तास उन्हात राहिलेल्या कॅरेटने २० अंशांतला अख्खा दिवस किंवा त्याहून जास्त खर्च केलेला असतो, आणि वरून पाहणाऱ्याला ते दिसतही नाही. दिसते ते दोन दिवसांनी, नांदेडच्या किंवा वाशिमच्या मंडईत, फळ बोटाखाली दबते तेव्हा. शिवाय एक गंमत आहे. साधारण ३० अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट बनत नाही; लायकोपीन हे रंगद्रव्य तयार होणे मंदावते. त्यामुळे उन्हाळ्यातला तापलेला माल नारिंगी-पिवळाच राहतो, पण मऊ मात्र पडत जातो. ‘अजून रंग आला नाही, म्हणजे अजून टिकेल’ हा अंदाज उन्हाळ्यात फसतो तो यामुळे.

दुसरा खर्च पाण्याचा. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणीच असते आणि त्याच्या सालीला पानांसारखी छिद्रे नसतात. पाणी उडते ते मुख्यतः देठाच्या खुणेतून आणि सालीला पडलेल्या ओरखड्यांतून. वीस किलोच्या कॅरेटमधून किलोभर पाणी गेले की वजनाचा पाच टक्के तोटा तर झालाच, वर चकाकी जाते आणि साल सुरकुतायला लागते. कोरड्या, गरम, वाहत्या हवेत हे फार वेगाने होते. पिकअपच्या उघड्या हौद्यातून अकोला-नांदेड महामार्गाने दुपारी निघालेला माल या तिन्ही गोष्टी एकदमच सोसतो.

तेव्हा पहिला निर्णय तोडणीच्या वेळेचा. दव वाळले की लगेच सुरुवात करावी आणि ऊन चढायच्या आत, उन्हाळ्यात साधारण दहापर्यंत, तोडा संपवावा. दव अंगावर असताना तोडू नये, कारण ओल्या फळाबरोबर बुरशी आणि जिवाणूही कॅरेटमध्ये येतात. यावर येणारा आक्षेप रास्त आहे: मजूर बायका घरचे सगळे उरकून दहा-अकराला रानात येतात, सातला कोण येणार? पण सकाळी सगळे काम व्हायला हवे असे नाही, फक्त फळ झाडावरून उतरायला हवे. निवडणे, देठ काढणे, भरणे ही कामे लिंबाच्या सावलीत दुपारी होऊ शकतात. घरची दोन-चार माणसे सकाळी नुसती तोडून सावलीत आणून ठेवतील आणि मजूर आल्यावर प्रतवारी होईल, अशी कामाची फोड केली तर रोजंदारी तेवढीच राहते. हेही जमत नसेल तर दिवस कलल्यावर, चारनंतर तोडावे. मात्र मग फळ गरम असते, म्हणून लगेच एकावर एक थप्पी लावून ताडपत्रीखाली दाबू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे दिवस तापला तरी रात्र बऱ्यापैकी उतरते. कॅरेट सुटे सुटे, मधून वारा जाईल असे मोकळ्यावर ठेवले तर रात्रीची हवा फुकटात जे काम करते, त्यासाठी इतर ठिकाणी यंत्र लावावे लागते. पहाटे भरून निघावे. काळी ताडपत्री तर वाहनावर असूच नये. पांढरे कापड किंवा शेडनेट मालापासून हातभर उंच बांधले, म्हणजे ऊन अडते आणि वारा खेळतो. ओले गोणपाट टाकायचे असेल तर तेही वरच्या आडव्या काठ्यांवर. फळावर टेकले की ओल धरते आणि कूज तिथूनच सुरू होते.

दुसरा निर्णय रंगाचा, आणि यातच सर्वांत जास्त दिवस दडलेले आहेत. फळ पूर्ण वाढले, हिरवेपणा पांढुरका झाला, आतला गर चिकट जेलीसारखा झाला आणि कापताना बी सुरीला चुकवून सरकायला लागले, की ते पक्व झाले. त्यापुढे ते झाडावर असो वा नसो, पिकणारच. त्यानंतरची पायरी म्हणजे खालच्या टोकाला पिवळसर-गुलाबी छटा फुटणे. मग अर्धे रंगलेले, मग गुलाबी, मग लाल. टोकाला नुकती छटा आलेले फळ २०-२५ अंशांत ठेवले तर लाल व्हायला पाच-सहा दिवस घेते आणि लाल झाल्यावरही काही दिवस घट्ट राहते. तेच फळ झाडावरच लाल होऊ दिले तर हे पाच-सहा दिवस झाडावर निघून जातात, आणि हाती येतो तो आयुष्याचा शेवटचा तुकडा. लांबच्या बाजारासाठी टोकाला छटा आलेला, नांदेड-परभणीसाठी अर्धा रंगलेला, गावच्या किंवा तालुक्याच्या आठवडी बाजारासाठी लाल, असे बाजाराचे अंतर पाहून तोडणे हा काही नवा शोध नाही. नारायणगाव-पिंपळगावकडचा शेतकरी दिल्लीसाठी वेगळा आणि पुण्या-नाशिकसाठी वेगळा माल भरतोच. आपल्याकडे मात्र तोडा चार-पाच दिवसांनी होतो आणि झाडावर जे जे रंगले ते सगळे एकाच कॅरेटमध्ये जाते. मग त्या कॅरेटचे आयुष्य त्यातल्या सर्वांत पिकलेल्या फळाएवढे ठरते, कारण लाल फळाचा इथिलीन कच्च्याला ओढत नेतो आणि फुटलेल्या लाल फळाचा रस सगळ्यांवर पसरतो. तोड्यातले अंतर एक-दोन दिवसांनी कमी करणे आणि रंगाप्रमाणे तीन ढीग करणे, एवढ्या दोनच गोष्टी केल्या तरी फरक पडतो.

‘बागवान लाल मालच मागतो, कच्च्याला भाव पाडून मागतो,’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. हर्रासात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याला आजच विकायचे असते, त्याला आज रंग हवा. पण इथेही तो सरसकट बोलत नसतो. किरकोळ विकणाऱ्याला लाल हवा असतो, आणि पुढच्या गावी पाठवणाऱ्याला अर्धा रंगलेला. मिश्र कॅरेट मात्र दोघांनाही नको असते, म्हणून त्याला दोघेही खालचा भाव लावतात. वेगळा केलेला माल वेगळ्या गिऱ्हाईकापुढे मांडता येतो, आणि ज्याला लाल हवा त्याच्यासाठी छटा आलेला माल घरी पाच-सहा दिवस सावलीत ठेवून लाल करून नेता येतो. कार्बाइडच्या पुड्या मात्र कोणी कितीही सुचवल्या तरी नकोत. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षा कायद्याने बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचा अंश असतो, आणि पक्व टोमॅटोला बाहेरच्या मदतीची गरजही नसते. लवकर तोडताना एक सावधगिरी हवी: शेवटची फवारणी आणि तोडा यांतले औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण झाले पाहिजेत. तोडा अलीकडे ओढला की हा हिशेब हमखास चुकतो.

आता कॅरेटकडे येऊ. प्लॅस्टिकचे कॅरेट आले तेव्हा लाकडी खोक्यांचे खिळे आणि टोपल्यांची दाबादाबी गेली, पण शीग लावायची सवय गेली नाही. काठाच्या वर चार बोटे फळ भरलेले कॅरेट एकावर एक रचले की वरच्या कॅरेटचे सगळे वजन कॅरेटच्या कडेवर न येता त्या चार बोटांतल्या फळांवर येते. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती फळे दबतात. बाहेरून साल शाबूत दिसते, आत गर फुटलेला असतो. दबलेले फळ जास्त इथिलीन सोडते, म्हणजे ते स्वतः तर जातेच आणि शेजाऱ्यांनाही घाई लावते. ‘शीग नसेल तर व्यापारी कॅरेट मोजून घेत नाही’ ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणून वजनावर विकावे, किंवा वरची दोन किलो सुटी, वेगळ्या पाटीत द्यावीत. दोन किलो द्यायचीच असतील तर ती बाकीच्या वीस किलोंना चिरडून का द्यायची? देठाचेही असेच. कोरडा, टोकदार देठ शेजारच्या फळात खुपसतो, म्हणून देठ गाठीपाशी मोडावा किंवा अगदी आखूड ठेवावा. हिरवी टोपी ठेवली तर फळ ताजे दिसते हे खरे. पण ती सुकली की शिळेपण तीच आधी दाखवते. कॅरेटचा तळ आणि कडा हाताने चाचपून पाहाव्यात, तुटलेली कड घासून घ्यावी, आणि दर फेरीनंतर कॅरेट धुऊन उन्हात वाळवावे. मागच्या फेरीतला सुकलेला रस म्हणजे पुढच्या फेरीची बुरशी.

नासाडीचे आकडे देताना आपल्याकडे ‘तीस-चाळीस टक्के माल वाया जातो’ असे सर्रास म्हटले जाते. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी संस्थेने देशभर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टोमॅटोचे नुकसान १२.४४ टक्के निघाले. म्हणजे प्रचारातल्या आकड्यापेक्षा बरेच कमी. पण शंभरातले बारा कॅरेट हा काही छोटा तोटा नव्हे, आणि ‘सडले नाही, पण भाव पडला’ हे नुकसान त्या बारांत धरलेलेच नाही. छोट्या शेतकऱ्याचा खरा मार तिथेच बसतो.

माल चकचकीत दिसावा म्हणून धुण्याची हौस असते. हौदातल्या, पुन्हा पुन्हा वापरलेल्या पाण्यात तर मुळीच धुऊ नये. गरम फळ गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढले जाते. पाण्यात असेल ते सगळे त्याबरोबर आत जाते. दोन-तीन दिवसांनी आतून पाणी सुटून जी फळे बसतात, त्यांचे मूळ पुष्कळदा या धुण्यात असते. माती लागलेली असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. जमिनीवर लोळणारी फळे कमी व्हावीत म्हणून तार-सुतळीची बांधणी आणि मल्चिंग केलेले असेल, तर धुण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही.

इथवरची सगळी कामे माल थंड न करताही होतात. यापुढे थंड करण्याकडे येतो, आणि हिंगोलीसारख्या कोरड्या हवेच्या जिल्ह्यात त्याची एक चांगली सोय आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत सुशांत रॉय आणि डी. एस. खुर्डिया यांनी १९८०च्या दशकात शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. जमिनीवर विटांचा एक थर, साधारण १६५ सेंटिमीटर लांब आणि ११५ सेंटिमीटर रुंद. त्यावर विटांची दुहेरी भिंत, उंची ६७.५ सेंटिमीटर; दोन भिंतींमध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, आणि त्या फटीत भिजवलेली नदीची वाळू. वर बांबूच्या चौकटीवर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण, आणि सगळ्यावर उन्हापासून छप्पर. वाळू, विटा आणि झाकण सकाळ-संध्याकाळ भिजवायचे. विटांना सिमेंटचा गिलावा करायचा नाही, कारण विटेतून पाणी झिरपून उडाले तरच गारवा येतो. वारा लागेल अशी जागा निवडायची. घराच्या आडोशाला, बंद कोपऱ्यात बांधलेला कक्ष नुसता ओला राहतो, गार होत नाही. ठिबकची जुनी नळी वाळूवरून फिरवून वर ठेवलेल्या टाकीला जोडली तर बादल्या ओतायचे कष्टही वाचतात. कोरड्या उन्हाळ्यात आतले तापमान बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांनी खाली येते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते, असा या कक्षाचा लौकिक आहे.

हा लौकिक कुठे खरा आणि कुठे नाही, हे समजून घेतले तर निराशा होत नाही. पाणी उडून येणारा गारवा हवा किती कोरडी आहे यावर ठरतो. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर पाण्याच्या उडण्याने तापमान जास्तीत जास्त २२-२३ अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात कक्षात २५-२८ मिळाले तरी पुष्कळ. ऑक्टोबरात ३२ अंश आणि ४५ टक्के असेल तर हीच सीमा २३ अंशांची. पण जुलै-ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना ती २७ अंशांवर येऊन थांबते. म्हणजे तीन अंशांसाठी एवढा खटाटोप, आणि वर ओलाव्याने बुरशीला आमंत्रण. म्हणून पावसाळ्यात कक्ष भिजवण्यापेक्षा माल कोरडा आणि हवेशीर ठेवणे जास्त मोलाचे. उन्हाळी टोमॅटोसाठी मात्र हा कक्ष म्हणजे नेमका हवा तो उपाय आहे, कारण २२ ते २८ अंशांत टोमॅटोला लाल रंगही चढतो आणि पाणीही फारसे उडत नाही.

‘शंभर किलो मावणार, एकराच्या तोड्याचे काय?’ हा आक्षेप येणारच. या आकाराच्या कक्षात चार-पाच कॅरेटच बसतात आणि बहरात एकरातून एका तोड्याला टनभर माल निघू शकतो. कक्षाचा उपयोग कोणासाठी, हे आधी ठरवावे. पाच-दहा गुंठ्यांत लावून वेगवेगळ्या गावच्या आठवडी बाजारांत स्वतः बसून विकणाऱ्यांना, बचत गटांना, गावात भाजीचे दुकान चालवणाऱ्यांना तो पुरेसा आहे. एका बाजारात न विकलेला माल दुसऱ्या बाजारापर्यंत ताजा राहतो आणि संध्याकाळी मातीमोल करून उठावे लागत नाही. मोठ्या मालासाठी याच तत्त्वावर टनावारी क्षमतेचे बाष्पीभवन कक्ष बांधता येतात, आणि फलोत्पादन अभियानातून त्यांना अनुदानाची तरतूद राहिली आहे. चालू वर्षाची मर्यादा आणि अटी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचाराव्यात. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही बांधणी आणि प्रतवारीबद्दल विचारायची जवळची ठिकाणे. आणि हेही नसेल तेव्हा शेडनेटखाली, जमिनीपासून वीतभर उंच मचाणावर, चारी बाजूंनी भिजवलेले गोणपाटाचे पडदे सोडलेली जागा हीसुद्धा बांधावरच्या उन्हापेक्षा कितीतरी बरी.

मग सरळ शीतगृहच का नको? कारण शीतगृहाकडे लोक बटाट्याच्या, सफरचंदाच्या नजरेने पाहतात. टोमॅटो उष्ण प्रदेशातले फळ आहे, त्याला फार थंडी बाधते. पक्व हिरव्या फळाला १२.५ ते १५ अंश मानवतात, लाल घट्ट फळाला दहाच्या आसपास. पाच अंशांत सहा-आठ दिवस ठेवलेले हिरवे फळ बाहेर काढल्यावर नीट लाल होत नाही, त्यावर डाग आणि खळगे पडतात आणि काळी बुरशी धरते. इतर मालासाठी दोन-चार अंशांवर चालणाऱ्या खोलीत टोमॅटो घुसवला तर भाडेही जाते आणि मालही. १२ अंशांवर चालणारी खोली, पाच टनांची सौर ऊर्जेवरची का असेना, गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने चालवली आणि वर्षभर तिच्यात काही ना काही भरलेले राहिले, तरच परवडते. एकट्या टोमॅटोवर तिचा हप्ता फिटणार नाही. आणि उन्हात तीन तास तापलेले, दबलेले फळ त्या खोलीत ठेवले तर ते गार होऊन सडते, एवढाच फरक. खोली नंतरची, सावली आधीची.

सर्वांत कडवा आक्षेप भावाचा आहे. ‘दोन रुपये किलो झाल्यावर पाच दिवस टिकवून करायचे काय?’ २०२३ साल आठवा. मे महिन्यात राज्यात टोमॅटो कवडीमोलाने गेला, जुलैत किरकोळ बाजारात शंभरी ओलांडून पुढे गेला, केंद्र सरकारला तो खरेदी करून दिल्लीत ९० रुपयांनी विकावा लागला, आणि सप्टेंबरात भाव पुन्हा जमिनीवर आले. मेमधला टोमॅटो जुलैपर्यंत नेणारे तंत्र शेतकऱ्याच्या हातात नाही, आणि कोणी ते विकायला आले तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. २०१८-१९च्या अर्थसंकल्पात ५०० कोटींची ऑपरेशन ग्रीन्स योजना टोमॅटो, कांदा आणि बटाट्यासाठी जाहीर झाली, तरीही २०२३ घडले. यावरून मोठ्या लाटेपुढे साठवण किती तोकडी आहे ते कळते. चार-पाच दिवसांचा उपयोग वेगळा. आज परभणीत आवक दाटली असेल तर परवा वाशिमला जाता येते. पाऊस लागला, वाहन मिळाले नाही, सणाची सुट्टी आली, तर माल फेकावा लागत नाही. आणि हर्रासात ‘आज संध्याकाळपर्यंत हा गेलाच पाहिजे’ हे समोरच्याला तुमच्या फळाकडे पाहून कळत नाही. लाट आली तर तिच्यात सगळेच बुडतात, पण ती दर आठवड्याला येत नाही. दर आठवड्याला होणारे हे छोटे तोटे मात्र हंगामभर साचत जातात.

वाणाचा वाटा किती, हेही विचारले जाते. बराच आहे. जाड सालीचे, घट्ट गराचे संकर लांब जातात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का रक्षकसाठी १५-२० दिवस टिकण्याचा दावा संस्था करते. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेने २०१० मध्ये पिकण्यातली दोन विकरे दाबून प्रयोगशाळेत जवळपास महिनाभर जादा टिकणारा टोमॅटो दाखवला होता, पण तो शेतात आलेला नाही. आज मिळणाऱ्या वाणांत घट्टपणा आणि चव यांची थोडी ओढाताण असतेच. गावात खपवायचे असेल तर आंबटगोड, पातळ सालीचा गावरान टोमॅटोही गिऱ्हाईक मिळवतो. वाण कुठलाही असो, नत्राचा मारा केलेले, पाण्याचे कधी ताण कधी पूर अशा पाळ्यांत वाढलेले फळ मऊ आणि तडकलेले निघते. ठिबकने सारखे पाणी, पुरेसे पालाश आणि कॅल्शियम, आणि तोड्याच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी न देणे, एवढे पाळले तर वाणाचा गुण दिसतो.

घरच्या स्वयंपाकघरातला प्रश्न छोटा आहे, पण त्यावर एक आयता सल्ला फिरतो: टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका. त्यामागे शास्त्र आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की पाच अंशांत आठवडाभर राहिलेल्या टोमॅटोत वास-चव देणारी द्रव्ये कमी बनतात आणि बाहेर काढल्यावरही ती पूर्ण भरून येत नाहीत. पण जिथे स्वयंपाकघर २० अंशांवर असते तिथला हा सल्ला हिंगोलीच्या एप्रिलमध्ये जसाच्या तसा चालत नाही. ३८ अंशांच्या ओट्यावर लाल टोमॅटो दोन दिवसांत बसतो. त्यापेक्षा थोडी चव गेलेली परवडली. म्हणून कच्चे आणि अर्धे रंगलेले बाहेर, माठाशेजारच्या गार कोपऱ्यात, देठाची बाजू खाली करून, एका थरात ठेवावेत. पूर्ण लाल झालेले आणि दोन दिवसांत न संपणारे फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावेत, आणि कोशिंबिरीला हवे असतील तर तासभर आधी बाहेर काढावेत. आमटी-रश्शात तो फरक कोणाला कळणार नाही. पिकलेली केळी शेजारी ठेवू नयेत, आणि पिशवीची गाठ मारलेली असेल तर आधी ती सोडावी. आत घाम धरतो.

वर दिलेले दिवस तुमच्या वाणाला, तुमच्या मातीला आणि तुमच्या गावच्या हवेला तंतोतंत लागू पडतील असे नाही, म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच ते पडताळून घ्यावेत. पहिल्या-दुसऱ्या तोड्यातली टोकाला छटा आलेली दहा, अर्धी रंगलेली दहा आणि लाल दहा फळे तीन पाट्यांत घालून घरात सावलीला ठेवा. त्यातली निम्मी सकाळी तोडलेली, निम्मी दुपारी उन्हातून आणलेली असू द्या, आणि दुपारच्या फळांना खूण म्हणून देठाजवळ पेनाने ठिपका द्या. रोज संध्याकाळी किती लाल झाली, किती दबली, किती फेकली, हे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. फेब्रुवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा असे केले, की कोणत्या रंगाचा माल नांदेडला आणि कोणता गावच्या बाजारात न्यायचा, हे पुढच्या तोड्याला शेतातच ठरवता येते.